संदर्भासाठी एक नमुना

सहाला आम्ही पाण्यात उतरतो.
कायेम्बाची होडी म्हणजे तीन फळ्या, थोडं डांबर
आणि पाणी उपसायला तेलाचा कापलेला डबा.
मागे कंपाला अजून आळस देतेय,
टेकडीवरचे दिवे एकेक करून जातात.

काटा बुडवायचा, थांबायचं, आकडा वाचायचा.
सामू: सहा पूर्णांक एक.
प्राणवायू: सेकांडी दोनदा बघतो, मग लिहितो,
जवळजवळ नाहीच.
आणि तरी पपायरस माणसाहून दीड हात उंच,
डोक्यावरचे झुपके हलवत उभा.
हे कुठल्या रकान्यात बसवायचं
ते नमुनापत्रकात दिलेलं नाही.

बॅटऱ्या फोडणाऱ्यांच्या शेडमागे एक नमुना.
कातडी कमावतात तिथल्या गटाराच्या तोंडाशी दोन.
वर पत्र्यावर मराबू करकोचे,
टकले, ढगळ कोटातले,
जणू आमच्या आधीच पाहणी आटोपून बसलेत.

अडलं ते नवव्या बाटलीपाशी.
पद्धत सांगते, तुलनेसाठी एक जागा निवडा
जिथे काही पोचलेलं नाही.
आम्ही वर गेलो. तिथे गाड्या धुण्याचा धंदा.
आणखी वर गेलो. विटांची भट्टी, मग शाळेचं शौचकूप,
मग झरा, आणि झऱ्याच्या तोंडातच
निळ्या साबणाची वडी ठेवलेली, अर्धी झिजलेली.
सेकांडीनं नकाशा घडी केला, उलगडला,
पुन्हा घडी केला.

म्हणाला, बाजूला नाही, तर खाली.

मग नळी ठोकली. मी धरली, कायेम्बानं घण घातला.
होडी प्रत्येक घावाला मागे सरायची.
वर काढली तेव्हा ती ओल्या वासरासारखी जड.
फळीवर आडवी करून उभी चिरली:
आधी काळं, तेलकट, बोटाला सोडत नाही असं.
मग राखाडी. त्यात पिशवीचा निळा तुकडा,
रंग जराही न उतरलेला.
मग लाल पट्टा, वरचा रस्ता कापला त्या वर्षाचा असावा.
मग बराच वेळ काहीच नाही,
आणि पंच्याऐंशी सेंटिमीटरवर
तपकिरी, धागेदार, कच्च्या सुरणाच्या वासाचा गाळ.
मुळं होती तशीच. कुणी न बोलावता
आम्ही तिघेही त्यावर वाकलो.

नालुबेगा तिच्या अळकुड्यांत गुडघाभर उभी होती,
सकाळपासून आम्हाला बघत, काही न विचारता.
आता आली. हात पदराला नाही, पाण्यालाच पुसले
आणि तो तपकिरी गाळ चिमटीत घेतला.
"हा चांगला?"
हा चांगला, सेकांडी म्हणाला. बहुतेक.
"आणि मी लावते तो?"
अहवाल येईल. सहा आठवडे.
तिनं नळीवर वीत ठेवली, एक, दोन, तीन,
चौथी अपुरी पडली.
"एवढ्या खाली," ती म्हणाली, "मी कंद कसा लावू?"

सेकांडी घसा साफ करत राहिला.

दोन कंद मागितले तपासायला.
तिनं मोठे निवडले, माती झटकली, दर सांगितला
आणि एक शिलिंगही सोडला नाही.
कापून दे म्हटलं तर म्हणाली, कापलेले आणखी महाग.

रात्री शीतकपाटात मी सगळं मांडते.
बाटल्या, गाळ, कंद, कंदांना क्रमांक.
शेवटी कोरी बाटली:
प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी, दिवसभर आमच्याबरोबर हिंडलेलं,
होडीत मिनिटभर झाकण उघडून पुन्हा लावलेलं.
त्यात काही सापडू नये अशी अपेक्षा असते.

नखांखाली अजून तपकिरी आहे.
ब्रश हातात घेऊन
मी नळ सोडत नाही.